पाव किलोतला पाव, वडापावातला पाव आणि देव पावतो तो पाव: एकच शब्द का?

प्रश्न असा आहे: मंडईत आपण ‘पाव किलो गवार’ मागतो, कोपऱ्यावर ‘वडापाव’ मागतो, गणपतीला ‘पाव रे बाबा’ म्हणतो आणि हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतात. हे सगळे शब्द मुळात एक आहेत का? लादीचे चार तुकडे होतात म्हणून ‘पाव’, किंवा पीठ पायांनी तुडवतात म्हणून ‘पाव’, ही फिरणारी माहिती खरी आहे का?

थोडक्यात उत्तर: किलोतला पाव आणि हिंदीतला पाँव हे सख्खे भाऊ. वडापावातला पाव पोर्तुगालहून आलेला, त्याचा या दोघांशी संबंध नाही. देव पावतो तो पाव तिसऱ्याच धातूचा. चौथा एक पाव प्राकृतात होता, त्याचा अर्थ पाप. लादीची आणि पायांची, दोन्ही गोष्टी मागाहून रचलेल्या आहेत. आता सविस्तर.

चौथाईचा पाव संस्कृत ‘पाद’पासून आला. पाद म्हणजे पाय. गाय, घोडा, बैल यांना चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे चारातला एक, असा अर्थ फार जुन्या काळीच रुळला. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात ‘पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि’ असं आहे: सगळी भूतं हा त्याचा एक पाद, उरलेले तीन पाद द्युलोकात, म्हणजे स्वर्गात. तिथे पाद म्हणजे सरळ चौथा हिस्सा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येकाचे चार पाद, एकूण ३२. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकाचे चार पाद, प्रत्येकी आठ अक्षरं. म्हणजे पाव किलो हिंग-जिऱ्याच्या दुकानात पोहोचण्याआधी हा शब्द व्याकरणात आणि छंदात मुरलेला होता.

पाद याचा पाव कसा झाला? संस्कृत आणि मराठी यांच्या मधला टप्पा म्हणजे प्राकृत. तिचा नियम वररुची या जुन्या व्याकरणकाराने एका सूत्रात सांगितला आहे: ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’. दोन स्वरांच्या मध्ये आलेली क, ग, च, ज, त, द, प, य, व ही व्यंजनं बहुधा गळतात. पाद यातला द गळला, उरलं ‘पाअ’. खाद् धातूचं खाणे झालं आणि कदलीची केळ झाली, तिथेही हाच द गेला आहे. आता ‘पाअ’ म्हणताना दोन स्वर एकमेकांना भिडतात आणि जीभ मध्ये काहीतरी भरते, कुठे य, कुठे व. य भरला तिथे ‘पाय’, व भरला तिथे ‘पाव’. मराठीने दोन्ही रूपं ठेवली आणि कामं वाटून दिली: अवयवाला पाय, हिश्श्याला पाव. हिंदीत अवयवालाही व भरलेलं रूप राहिलं आणि त्यावर अनुस्वार चढला. सर्पाचा मराठीत साप आणि हिंदीत साँप होतो, तसंच हे.

या घराण्यातली बाकीची मंडळी आपण रोज वापरतो. ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पाद + ऊन, एक पाव कमी. ‘सवा’ म्हणजे सपाद, एक पाव जास्त. दीड हा द्व्यर्ध, अडीच हा अर्धतृतीय. या दोघांत पाद नाही, अर्ध आहे. ‘पावणेपाच’ यातलं ‘पावणे’ हे पाऊण याचंच रूप आहे, म्हणून पावणेपाच म्हणजे पाचाला पाव कमी, ४.४५. लहान मुलं पावणेपाच म्हणजे ५.४५ समजतात, कारण पाऊण म्हणजे पंचेचाळीस मिनिटं एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. त्यांना ‘ऊन’ म्हणजे उणा हे एकदा फोडून सांगितलं की गोंधळ राहत नाही. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. पावकी म्हणजे पावाचा पाढा.

वजनाच्या बाबतीत एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मंडईत अजूनही ‘पावशेर भेंडी’ म्हटलं जातं आणि तराजूवर २५० ग्रॅम पडतात. पण ब्रिटिश काळात प्रमाण ठरवलेला शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि पावशेर सुमारे २३३ ग्रॅम. १९५६च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली, शेर गेला, पण पावशेर हा शब्द नव्या पाव किलोवर जाऊन बसला. आजीच्या वहीतली पाककृती ‘पावशेर रवा’ म्हणत असेल आणि वही मेट्रिकच्या आधीची असेल, तर २५० ग्रॅम घेतल्यास रवा सतरा ग्रॅम जास्त पडतो. शिऱ्याला फरक पडत नाही, पण एकतारी-दोनतारी पाकाच्या लाडवांना पडतो. शिवाय शेर हे वजनाचंही माप होतं आणि धान्य मापायचंही. मापी शेराचा पाव तराजूच्या पावाशी जुळेलच असं नाही, म्हणून जुनी पाककृती वाचताना आधी तो शेर कोणता ते पाहावं.

नाण्यांतही हाच पाव होता. चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार आणे, रुपयाचा पाव. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली तेव्हा चार आण्यांची जागा २५ पैशांनी घेतली, आणि ३० जून २०११पासून तेही चलनातून गेलं. ‘पै’ हे नाणंही याच घराण्यातलं मानतात. शेवटच्या काळात पै म्हणजे आण्याचा बारावा भाग, रुपयाला १९२. पण नाव चौथाईवरून आलेलं. नाव एकदा चिकटलं की त्यामागचं गणित बदललं तरी ते टिकतं. पावशेराचं तेच, पैचंही तेच.

पाद शब्दाचे युरोपातले चुलत भाऊ पाहिले की पुणेकरांच्या ओळखीच्या काही गोष्टी सापडतात. लॅटिनमध्ये पायाला ‘पेस’, त्याचं विभक्तिरूप ‘पेदिस’, ग्रीकमध्ये ‘पूस’, ‘पोदोस’, फारसीत ‘पा’. इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत मूळच्या ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘ट’ झाला, म्हणून तिथे ‘फूट’. पितृ आणि फादर यांतही हाच प-फ बदल दिसतो. तेव्हा चौरस फुटात मोजलेली जागा आणि पाव किलो गवार ही एकाच मुळाची. फारसी ‘पा’ पायजम्यात आला. लॅटिन ‘पेस’ सायकलच्या पेडलमध्ये आला, आणि सायकलींच्या या शहरात पेडलला सर्रास ‘पायडल’ म्हणतात. म्हणणाऱ्याने पाय मारायचा म्हणून पाय जोडला, आणि योगायोगाने खरोखरचाच नातेवाईक जोडला गेला. एकच मूळ आपल्याकडे असं निरनिराळ्या वाटांनी आलं: घरचा पाय, फारसीतून पायजमा, इंग्रजीतून फूट आणि पेडल.

इथे पहिला सापळा आहे. इंग्रजीत कुत्र्या-मांजराच्या पंजाला ‘पॉ’ म्हणतात. आवाज पाँवसारखा, अर्थही जवळचा. तरीही नातं नाही. पाद याच्या मुळाचा शब्द इंग्रजीत वारशाने आला असता तर त्याचा आरंभ ‘फ’ने झाला असता, आणि तसा शब्द तिथे आहेच, फूट. पॉ हा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत शिरलेला वेगळा शब्द आहे. नियमाने जिथे फ हवा तिथे प दिसला की थांबायचं. आवाज जुळतो यापेक्षा आवाज नियमाने जुळतो का, हे पाहणं या कामात महत्त्वाचं.

आता खाण्याचा पाव. पोर्तुगीजमध्ये भाकरी-ब्रेडला ‘पाँउ’ म्हणतात, शेवट नाकातून. हा लॅटिन ‘पानिस’पासून आला. लॅटिनच्या ‘पानेम’ या रूपाचा शेवट झिजून ‘पान’ राहिलं, मग पोर्तुगीजने तो न नाकात ओढला. स्पॅनिशमध्ये ‘पान’ तसंच राहिलं, इटालियनमध्ये ‘पाने’. पोर्तुगीजमध्ये हा बदल ठरावीक आहे: लॅटिन ‘कानेम’ म्हणजे कुत्रा, त्याचा ‘काँउ’, ‘मानुम’ म्हणजे हात, त्याचा ‘माँउ’. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला, १५३४च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं त्यांच्याकडे आली, आणि वसई १७३९पर्यंत, चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत, त्यांच्याकडेच राहिली. पाव या पट्ट्यातून आला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘पादेइरु’. तिथे पीठ फुगवायला यीस्टऐवजी माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. वस्तू, ती करणारा आणि तिचं नाव, तिन्ही एकाच वाटेने आले. उसनवारीचा हा फार भक्कम पुरावा असतो. पगार, बटाटा, काजू, अननस, घमेलं, चावी, बिजागरी हे शब्द त्याच वाटेचे.

नाकातला शेवट मराठीत ‘व’ कसा झाला, ही शंका योग्य आहे आणि तिला उत्तर आहे. पोर्तुगीज ‘लेइलाँउ’ याचा मराठीत ‘लिलाव’ झाला. शेवटच्या ‘आँउ’चा ‘आव’, अगदी पावासारखा. हिंदीने त्याच शब्दाचा ‘नीलाम’ केला, तिथे नाकातला आवाज म बनून उरला. एकच शब्द असता तर योगायोग म्हणता आलं असतं. पाव आणि लिलाव दोघे एकाच साच्याने बदलले म्हणून ही वाट पक्की धरता येते.

लादीच्या चार तुकड्यांची गोष्ट कशी पडते, ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण ती सगळ्यांत जास्त पटते. मराठीत दोन्ही शब्दांचा उच्चार तंतोतंत एक आहे, म्हणून मराठीच्या आत बसून हा वाद सुटत नाही. शेजारच्या भाषांना विचारावं लागतं. गुजरातीत चौथाईला ‘पा’ म्हणतात, ‘पाशेर’ म्हणजे पावशेर. आणि खाण्याच्या पावाला ‘पाउं’, नाकातल्या उच्चारासह. बंगालीत पावशेराला ‘पोआ’ आणि ब्रेडला ‘पाउरुटी’. म्हणजे दोन शेजारी भाषांत हे दोन शब्द स्पष्ट वेगळे आहेत. खाण्याचा पाव चौथाईतून निघाला असता तर गुजरातीत त्याला ‘पा’ आणि बंगालीत ‘पोआ’ म्हटलं गेलं असतं. पाद झिजून प्रत्येक भाषेत आपापल्या परीने बदलला. पाउं मागाहून आयता आला, म्हणून गुजरातीपासून बंगालीपर्यंत त्याचं रूप जवळपास सारखं. मराठीत दोघांची रूपं येऊन एकावर एक पडली, इतकंच. आणि लादीत पाव किती हे साच्यावर ठरतं. चौकोनी लादी सहाचीही असते, आठाचीही, बाराचीही.

पायांनी मळण्याची गोष्ट याहून कच्ची आहे. एखाद्या भट्टीत पीठ कसंही मळलं जात असेल, पण लिस्बनमध्ये ब्रेडला हेच नाव आहे आणि तिथे मराठीतला पाय किंवा हिंदीतला पाँव कुणाला ठाऊक नव्हता.

पोर्तुगीज जहाजं जिथे जिथे गेली तिथे हा शब्द उतरला. १५४३मध्ये ती जपानला पोहोचली. जपानीत ब्रेडला आजही ‘पान’ म्हणतात. जपानीमधून तो कोरियात ‘प्पांग’ झाला. श्रीलंकेत सिंहलीत ‘पान्’, तिथल्या तमिळमध्ये ‘पाण्’. पूर्व तिमोरच्या तेतुम भाषेत ‘पाउन’. कुठे न टिकला, कुठे ङ झाला, आपल्याकडे गळून नुसता व उरला. नकाशावर ही ठिकाणं जोडली की सोळाव्या शतकातला सागरी मार्गच दिसतो. पुण्याच्या हॉटेलात मिसळीबरोबर काय घेता, स्लाइस की पाव, असं विचारतात तेव्हा लादीवाल्या ब्रेडसाठी हा पोर्तुगीज शब्द आणि कापलेल्या ब्रेडसाठी इंग्रजी, अशी दोन उसनवाऱ्यांत विभागणी झालेली असते.

दुसरा सापळा इथे आहे, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड. मलेशिया-सिंगापूरमध्ये सारण भरून वाफवलेल्या मऊ गोळ्याला ‘पाउ’ म्हणतात. आवाज तोच, पदार्थही पावाच्या जातीचा, आणि मलाक्का तर पोर्तुगीजांनी १५११मध्ये घेतलं होतं. तीनही गोष्टी जुळतात. तरी हा पोर्तुगीज नाही. हा दक्षिण चीनच्या होक्किएन बोलीतला शब्द आहे, मँडरिनमध्ये ‘बाओ’. चिनीत त्याचा मूळ अर्थ गुंडाळणे; क्रियापद म्हणून तो आजही चालतो, आणि पिशवी-गाठोडं या अर्थानेही. पोर्तुगीज चीनला पोहोचले त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे. एखाद्या शब्दाचं त्या भाषेत स्वतःचं मोठं कुटुंब असेल, त्याच अक्षराची क्रियापदं-नामं असतील, तर तो बहुधा घरचाच. उसना शब्द सहसा एकटा येतो. आपल्या पावाचंच पाहा: खाण्याच्या पावापासून मराठीत एक तरी क्रियापद झालं आहे का? लादीपाव, वडापाव, पावभाजी असे जोड झाले, पण मूळ शब्द एकटाच राहिला.

देव पावतो तो पाव संस्कृत प्र + आप्, म्हणजे पोहोचणे, मिळणे, यापासून. प्राप्नोति-प्रापयति या रूपांतून प्राकृतात ‘पावइ’, त्यातून मराठी पावणे आणि हिंदी पाना. इथे द गळलेला नाही, इथे प बदलला. वररुचीचंच दुसरं सूत्र ‘पो वः’: स्वरांच्या मधल्या पचा व होतो. दीपाचा दिवा, कपाटाचं कवाड, तापाचा ताव, कपर्दिकेची कवडी, सगळीकडे हाच बदल. म्हणजे किलोतला व हा रिकाम्या जागी भरलेला आणि देव पावतो त्यातला व हा पचा वारस. उच्चार एक, पण त्या एका अक्षराचे दोन वेगळे जन्म.

या क्रियापदाचा मूळ अर्थ पोहोचणे हा मराठीत ठिकठिकाणी जिवंत आहे. वासुदेव ‘दान पावलं’ म्हणतो, म्हणजे दान पोहोचलं. पैसे पोहोचल्याचा कागद म्हणजे ‘पावती’. ‘मृत्यू पावणे’, ‘लोप पावणे’, ‘प्रसिद्धी पावणे’ यांत त्या स्थितीला पोहोचणे. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ या रामदासांच्या आरतीच्या शेवटी ‘संकटी पावावे निर्वाणी रक्षावे’ येतं, तिथेही अर्थ ‘संकटात धावून ये, पोहोच’ असाच आहे. प्रसन्न होणे हा अर्थ यातूनच पुढे निघाला: नवस केला, देव मदतीला पोहोचला, म्हणजे देव पावला. आरतीतल्या ‘पावावे’चा अर्थ पुष्कळजण नुसता ‘प्रसन्न व्हावे’ असा घेतात, आणि त्यात धावून येण्याची निकड हरवते.

‘पो वः’ या सूत्रानेच चौथा पाव दिला. संस्कृत ‘पाप’ याचं प्राकृत ‘पाव’. जैनांच्या णमोकार मंत्रात ‘सव्वपावप्पणासणो’ हे पद रोज म्हटलं जातं: सर्व पापांचा नाश करणारा. पुण्यातल्या हजारो घरांत हे ऐकू येतं, पण त्यातला ‘पाव’ ओळखला जात नाही, कारण मराठीने या अर्थी झिजलेलं रूप टाकून संस्कृत ‘पाप’ परत घेतलं. हे बरंच झालं. एरवी ‘देव पावला’ आणि पापाचा ‘पाव’ एकाच तोंडात नांदवणं कठीण गेलं असतं.

तिसरं एक ‘पावणे’ खेडोपाडी ऐकू येतं, ‘राम राम पावणं’. तो पाहुणा, प्राकृत ‘पाहुण’. ह झिजून व उरला. म्हणजे ‘पावणेदोन’, ‘देव पावणे’ आणि ‘पावणं’ ही तीन रूपं तीन घरांतली. ‘पाऊस’ तर याहून वेगळा, संस्कृत प्रावृष्. ‘पावन’ आणि ‘पावक’ हे पू धातूचे, शुद्ध करणे या अर्थाचे, आणि सरळ संस्कृतातून घेतलेले.

दक्षिणेकडे पाहिलं तर तेलुगूत चौथाईला ‘पावु’ आणि चार आण्यांना ‘पावला’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘पावु’ हे पावशेराचं माप. हे आपल्याकडच्याच भाषांतून तिकडे गेलेले. पण जुन्या कन्नडमध्ये ‘पावु’ म्हणजे साप! तो द्रविड शब्द: तमिळ ‘पाम्बु’, तेलुगू ‘पामु’. पुढे कन्नडमध्ये शब्दारंभीचा प बदलून ह झाला, म्हणून आज सापाला ‘हावु’. तमिळ ‘पाल्’ म्हणजे दूध, कन्नडमध्ये ‘हालु’. तमिळ ‘पत्तु’ म्हणजे दहा, कन्नडमध्ये ‘हत्तु’. मापाचा ‘पावु’ मात्र प ठेवून आहे. त्याचा ह झाला नाही, यावरून तो हा बदल होऊन गेल्यावर कन्नडमध्ये शिरला असावा, असा अंदाज बांधता येतो. शब्दावर तारीख लिहिलेली नसते. कोणता बदल त्याला लागला आणि कोणता चुकला, यावरून काळ काढायचा असतो. मला या सगळ्या शोधात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

दूरचे पाव झटपट सांगतो. पोर्तुगीजमध्येच ‘पाउ’, नाकात न घेता, म्हणजे लाकूड किंवा काठी, लॅटिन ‘पालुस’पासून, ब्राझील देशाचं नाव ज्या झाडावरून पडलं ते ‘पाउ-ब्राझिल’. तेव्हा गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कागदांत हे दोन शब्द नाकातल्या उच्चाराच्या खुणेवरूनच वेगळे करावे लागतात. कॅटलनमध्ये ‘पाउ’ म्हणजे शांतता, लॅटिन ‘पाक्स’पासून. हवाईच्या भाषेत ‘पाउ’ म्हणजे संपलं. यांचं आपल्या कोणत्याच पावाशी, आणि एकमेकांशीही, नातं नाही. शब्द जितका आखूड तितके असे योगायोग जास्त: एक व्यंजन, एक लांब स्वर आणि शेवटी ओठांचा एक आवाज, एवढ्या सामग्रीत जगभर शेकडो शब्द बसतात. म्हणून एक-दोन अक्षरांच्या शब्दाला पुरावा जास्त मागावा. ‘पुरुषोत्तम’सारखा लांब शब्द दोन भाषांत सापडला तर तेवढं पुरतं, ‘पाव’ला त्याच बदलाची निदान तीन-चार सोबती उदाहरणं हवीत.

असा एखादा शब्द स्वतः तपासायचा असेल तर आधी त्याचे मराठीतले सगळे उपयोग वेगळे लिहून काढा आणि प्रत्येकाचं व्याकरण पाहा. ‘पाव किलो’ यातला पाव विशेषण आहे, तो बदलत नाही. खाण्याचा पाव पुल्लिंगी नाम आहे, त्याचं ‘पावाला’, ‘पावांची लादी’ होतं. देवाचा पाव क्रियापद आहे, ‘पावतो, पावला, पावेल’. जिथे व्याकरण वेगळं तिथे शब्द वेगळे असण्याची शक्यता धरून चाला. मग मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढा. दाते-कर्वे यांच्यात नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती असते, ‘सं.’ म्हणजे संस्कृत, ‘प्रा.’ म्हणजे प्राकृत, ‘पोर्तु.’ म्हणजे पोर्तुगीज. एकाच शीर्षकाखाली अनेक अर्थ असतील तर कंस कोणत्या अर्थाला लागतो ते नीट पाहा. सर्वाधिक चुका इथेच होतात, एका अर्थाची व्युत्पत्ती उचलून दुसऱ्याला लावली जाते. प्राकृत रूप पडताळायला ‘पाइअ-सद्द-महण्णवो’ हा कोश आहे. त्यानंतर गुजराती, बंगाली, कोकणीतलं रूप शोधा. जिथे मराठीत दोन शब्द एक झालेत तिथे शेजारी भाषा त्यांना वेगळं करून देतात.

भारतीय आर्यभाषांसाठी टर्नर यांचा तुलनात्मक कोश सर्वांत उपयोगी, पण तो वापरताना एक लक्षात ठेवा. त्यातली शीर्षकं संस्कृत रूपांची आहेत, म्हणून मराठी शब्द थेट सापडत नाही. आधी सूचीच्या खंडात मराठी शब्द पाहायचा, तिथल्या क्रमांकावरून मूळ नोंदीला जायचं. तिथे पाद आणि प्राप् या दोन्ही घरांतले मराठी शब्द मिळतील. खाण्याचा पाव मिळणार नाही, कारण तो कोश वारशाने आलेल्या शब्दांचा आहे, पोर्तुगीज उसनवारीचा नाही. तिथे नाही म्हणून त्याला ओढून पादखाली बसवू नका. पोर्तुगीज शब्दांसाठी गोव्याचे दाल्गादो यांनी १९१३मध्ये स्वतंत्र ग्रंथ केला आहे, आशियातल्या कोणत्या भाषेत कोणता पोर्तुगीज शब्द कोणत्या रूपात गेला ते त्यात भाषावार दिलेलं आहे. पाव तिथे शोधायचा.